दाढोबाचा चातुर्मास

हेमांगी देसलेचं पत्र आलं तेव्हा मी ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. पोस्टमनने ते माझ्या हातातल्या वर्तमानपत्रावरच ठेवलं आणि तो पुढे गेला. पांढरं पाकीट, त्यावर निळ्या शाईतलं उजवीकडे कललेलं अक्षर.

"कोणाचं आहे हो?" सिंधूने आतून विचारलं.

"विम्याचं," मी म्हणालो.

पत्र लहान होतं. 'सर, ऑस्कर बरा आहे. मागचा उजवा पाय वाकडा राहिला, पण चालतो, लाकडावर चढतोही. माझी आणि भावाची तब्येत ठीक. मला आता राग नाही. फक्त एक गोष्ट कळत नाही. तुम्ही सगळं वाचलं होतं. मग केळं का दिलंत? कळवलंत तर बरं वाटेल.'

मी ते घडी घालून शब्दकोशात ठेवलं. उत्तर द्यायला बसलो नाही असं नाही. बसलो, की 'चि. हेमांगीस' एवढं लिहून व्हायचं आणि पुढे हात चालायचा नाही. मग महिने गेले, वर्षं गेली. उशिरा दिलेल्या उत्तरात उशिराबद्दलही लिहावं लागतं, आणि ते मला अधिकच अवघड वाटत गेलं.

ऑस्कर म्हणजे सरडा. नीट सांगायचं तर बिअर्डेड ड्रॅगन नावाचा ऑस्ट्रेलियातला सरडा. हेमांगी आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायची. ती मूळची शिरपूरकडची, इथे जळगावात केळीच्या रोपांच्या प्रयोगशाळेत नोकरीला. मी कॉलेजच्या ग्रंथपालपदावरून निवृत्त झालो होतो. माणसांशी बोलायला मला जमत नाही, कधीच जमलं नाही. पण ती पुस्तकं न्यायची, आणि परत देताना जिन्यात उभी राहून त्या पुस्तकाबद्दल एकच वाक्य बोलायची. मी उत्तरादाखल दुसरं पुस्तक द्यायचो. आमची ओळख म्हणजे एवढीच.

आषाढातल्या एका सकाळी ती काचेची मोठी पेटी घेऊन, एकेक पायरी जपत खाली आली.

"सर, एक काम आहे. नाही म्हणालात तरी चालेल."

सिंधू पदराला हात पुसत बाहेर आली आणि दोन पावलं मागे सरली. "अगं माय! घोरपड!"

"घोरपड नाही काकू. पाळीव आहे. पुण्याहून आणलाय."

"सरडाच ना पण? आमच्या बांधावर फुकट फिरतात, अन् तू विकत आणला?"

तेवढ्यात त्या प्राण्याने गळा फुगवला. गळ्याखालचे काटे उभे राहिले आणि काळी दाढी आल्यासारखं दिसलं. सिंधू वाकून पाहत राहिली.

"याला तर दाढी हाय हो. दाढोबाच की हा!"

"ऑस्कर नाव आहे त्याचं," हेमांगी हसली. मग हसू आवरून म्हणाली, "मी पुण्याला चालले आहे. भावाला किडनी देतेय. दोन-तीन महिने तिकडेच राहावं लागेल."

हात पुसता पुसता सिंधू थांबली. "तूच काहून? घरात दुसरं कोणी नाही?"

"माझीच जुळली, काकू."

"घाबरत नाही तू?"

"घाबरते ना. म्हणून तर याची सोय लावून चाललेय. परत आल्यावर खोली रिकामी दिसायला नको." तिने पेटीच्या काचेवर बोट ठेवलं. ऑस्कर त्या बोटाकडे आला. "तो आहे, एवढं मला तिकडे माहीत असलं की झालं."

सिंधू चहा टाकायला आत गेली.

"प्रयोगशाळेतल्या मैत्रिणी आहेत," हेमांगी मला हळू आवाजात म्हणाली, "पण त्या ऐकतात आणि विसरतात. तुम्ही वाचता, सर."

माझ्याबद्दल इतकं नेमकं कोणी कधी बोललं नव्हतं. तिने बांधून घेतलेली झेरॉक्सची एक प्रत माझ्या हातात दिली. या प्राण्याचं खाणं, दिवा, आजार, सगळं त्यात होतं. ते ती तोंडीही समजावून सांगू लागली. पाला रोज. पीठकिडे दिवसाआड, कॅल्शियमच्या पावडरीत घोळवून. पेटीतला उबेचा दिवा दिवसभर चालू.

"आणि फळ सांभाळून, सर. फळ त्याला फार आवडतं, म्हणूनच सांभाळायचं. आठवड्यातून एकदा, पपई किंवा अंजीर. तुकडा केवढा? त्याच्या दोन डोळ्यांत जेवढं अंतर आहे तेवढाच. बिया काढून. संत्रं-मोसंबी नाही. आणि केळं तर नाहीच."

"केळं नाही?" मी विचारलं. जळगावात हे वाक्य चमत्कारिक वाटतं.

"त्यातल्या फॉस्फरसमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. अजून वाढीचा आहे तो. हाडं मऊ पडतात."

सिंधू चहा घेऊन आली तेव्हा बोलणं दिव्यावर गेलं होतं.

पेटी माझ्या पुस्तकांच्या खोलीत आली. पीठकिड्यांचा डबा मी दाराआड ठेवला. कोंड्यात वळवळणारे ते पिवळे किडे पाहून सिंधूने तोंडाला पदर लावला.

"परवा चातुर्मास बसतो," ती म्हणाली.

"झाकून ठेवीन."

"झाकल्यानं ते जिते राहतात का?"

मी डबा आणखी आत सरकवला. आमच्याकडे चातुर्मासात वांगं, कांदा, लसूण सगळेच सोडतात. त्यावर सिंधूचा दरवर्षी आणखी एक स्वतःचा नेम असतो. एका वर्षी तिने पायांत काही घातलं नाही, एका वर्षी जेवताना बोलायची नाही. ती तो आधी जाहीर करायची, म्हणजे मला सांभाळून घेता यावं.

"या वर्षी काय?" मी विचारलं.

"या वर्षीचा सांगायचा नाही. सांगितला की मोडतो."

मी झेरॉक्सची प्रत दोनदा वाचली, पेन्सिलने खुणा केल्या. पहिले काही दिवस सगळं पुस्तकाप्रमाणे झालं. मी चिमट्यात किडा धरायचो, ऑस्कर मान तिरकी करून पाहायचा आणि जीभ बाहेर काढून तो उचलायचा. पपईचा तुकडा कापताना मी शंका नको म्हणून फूटपट्टी घेतली. सिंधू दारात उभी राहून पाहत होती.

"सरड्याला सदरा शिवून राह्यले का?"

"माप सांगितलंय तिने."

"नातवाला कधी एवढं मापून दिलं नाही तुम्ही."

पण तिलाही त्याचा लळा लागला. सकाळी देवपूजा झाली की ती पेटीशी येऊन विचारायची, "काय दाढोबा, झोप झाली?" तो तिच्या आवाजाकडे मान वळवायचा. माझ्या आवाजाकडे वळवत नसे, पण मी फारसं बोलतही नव्हतो.

श्रावण लागला आणि त्याचं खाणं कमी झालं. किडा पुढे धरला तर तो मान फिरवायचा. पाल्याला तोंड लावायचा नाही. मी चिमटा बदलून पाहिला. मग हातात धरून पाहिलं, जे मला फार जड गेलं. तरीही नाही. डब्यातले किडे कमी होण्याऐवजी वाढत चालले, काहींचे काळे भुंगे झाले. मला वाटलं, माझ्याच हातात काही कमी असेल. काही माणसांच्या हातून झाडं जगत नाहीत तसं. पुस्तकात 'मालकापासून दूर गेल्यावर काही काळ भूक मंदावू शकते' असं वाक्य होतं. मी त्याखाली रेघ मारली.

त्यात भारनियमन. दुपारी वीज गेली की दिवा बंद. तेवढा वेळ मी वाचनालयात जाऊन बसायचो, कारण घरात पंखाही नसायचा. संध्याकाळी आलो की ऑस्कर लाकडावर पोट टेकून पडलेला असायचा. पोट मात्र भरलेलं दिसायचं. ते मला जरा विचित्र वाटलं, पण आपल्या डोळ्यांवर मी फार विश्वास ठेवत नाही.

हेमांगीचा फोन यायचा. सिंधू आधी बोलून घ्यायची, मग फोन माझ्याकडे.

"खातोय ना, सर?"

"पहिल्यापेक्षा कमी."

"पावसाळी हवा आहे, होतं असं. कॅल्शियम जातंय ना पोटात?"

"किड्यांना लावतो. पण किडेच फार खात नाही."

"थोडे दिवस बघा. काळजी करू नका." मागे हॉस्पिटलातल्या घोषणा ऐकू यायच्या. "उद्या आमच्या ऑपरेशनची तारीख आहे."

नंतर एकदा फोन आला तो फक्त एवढं सांगायला, की नवी किडनी चालू झाली, भावाला लघवी झाली. परीक्षेचा निकाल सांगावा तसं तिने ते सांगितलं. सिंधूने देवापुढे साखर ठेवली आणि थोडी पेटीसमोरही.

भाद्रपद संपत आला होता. एका सकाळी ऑस्करच्या मागच्या पायाची बोटं आपोआप थरथरताना मला दिसली. थोड्या वेळाने थांबली, पुन्हा सुरू झाली. ते पान मला तोंडपाठ होतं, तरी मी उघडून पाहिलं. बोटांची थरथर, मऊ जबडा, पाय ओढत चालणं. उपचार लवकर झाले नाहीत तर जनावर हातचं जातं, असं स्पष्ट लिहिलं होतं.

"डॉक्टरकडे न्यावं लागेल," मी सिंधूला म्हणालो.

ती पेटीत पाहत होती. "काय झालं त्याला? कालपर्यंत तर पळत यायचा."

"कोणाकडे?"

ती जुनं धोतर आणायला वळली. मी पुन्हा विचारलं नाही. माझं लक्ष टोपली शोधण्यात होतं.

आम्ही टोपलीत जुनं धोतर अंथरून त्याला ठेवलं आणि दारात आलो, तर समोर रिक्षा थांबली. हेमांगी उतरत होती. ती दुसऱ्या दिवशी यायची होती. चेहरा निम्मा झाला होता, एक हात कुशीवर. टोपली पाहून ती हसली.

"मला घ्यायला आणला का त्याला?"

मग तिने आत पाहिलं. पायाची बोटं थरथरतच होती. तिने सामान ओट्यावर ठेवलं आणि परत त्याच रिक्षात बसली. सिंधू म्हणाली, "मी येते," आणि टोपली मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसली. मी रिक्षावाल्याजवळ.

डॉक्टर इंगळ्यांच्या दवाखान्यासमोर एक म्हैस बांधलेली होती. आत एक कुत्रा टेबलावरून उतरायला तयार नव्हता. आमची पाळी आली तेव्हा डॉक्टरांनी टोपलीत पाहून चष्मा कपाळावर चढवला.

"सर, खरं सांगतो, मी म्हशींचा डॉक्टर. कुत्री-मांजरं नाइलाजाने बघतो. हा पाहुणा माझ्याकडे पहिलाच."

"पण काही तरी करा ना," हेमांगी म्हणाली.

"करतो तर. पुण्यात माझा वर्गमित्र आहे, त्याच्याकडे पोपट, कासवं, सगळी मंडळी येतात. त्याला विचारत विचारत करतो. चालेल?"

त्यांनी फोन लावून खांद्याने कानाशी धरला आणि पलीकडून येणाऱ्या सूचनांप्रमाणे ऑस्करचे पाय चाचपले. मग जबडा दोन बोटांत धरून हलकेच दाबला. हाड असायला हवं तिथे बोट किंचित आत गेलं. ते मी पाहिलं. हेमांगीने मान दुसरीकडे वळवली.

"मऊ आहे रे," डॉक्टर फोनवर म्हणाले. मग आमच्याकडे वळून, "खायला काय होतं याला?"

"पाला, कॅल्शियम लावून पीठकिडे," हेमांगी म्हणाली. "आठवड्याला पपईचा तुकडा. बाकी काही नाही."

डॉक्टरांनी ओल्या कापसाने त्याच्या ओठांची कड पुसली. कापूस नाकाशी नेला. मग चिमट्याने दातांतून काही तरी ओढून काढलं आणि उजेडात धरलं. पांढरट, ओलसर दोरा.

"हा केळ्याचा दोरा आहे," ते म्हणाले. "ताजा. कालचाच असेल." त्यांनी फोन टेबलावर ठेवला. "केळं कोण देतंय याला?"

मी आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग का कोण जाणे सिंधूकडे. ती टोपलीतलं धोतर नीट करत होती. ते नीटच होतं. तिच्या पदराचं टोक टोपलीच्या काठावर आलं होतं, आणि त्या फिक्या पिवळ्या सुती टोकावर तपकिरी ठिपके होते. काही जुने, गडद, काही नुसते पिवळसर. घडातून केळं कापून काढलं की देठातून चीक गळतो. त्याचा डाग कशानेही जात नाही. आमच्याकडे बागेत काम करणारे त्यासाठी वेगळे कपडे ठेवतात, आणि सिंधू घडाला हात लावताना नेहमी जुनं फडकं घ्यायची. फडकं घ्यायला वेळ नसला, म्हणजे काम चोरून आणि घाईत करायचं असलं, तरच तो पदरावर पडणार. दुपारी, मी वाचनालयात असताना.

तिने माझी नजर पाहिली आणि पदराचं टोक मुठीत घेतलं.

"मी," मी म्हणालो.

"सर?" हेमांगी माझ्याकडे वळली.

"मी देत होतो. केळं."

"अहो..." सिंधू म्हणाली.

"तू थांब," मी म्हणालो.

डॉक्टर पुन्हा फोनवर बोलू लागले. हेमांगी कुशीवरचा हात न काढता माझ्यासमोर उभी राहिली.

"मी तुम्हाला सांगितलं होतं ना, सर?"

"हो."

"पुस्तकातही होतं. वाचलं नव्हतंत?"

वाचलं नव्हतं असं म्हणता आलं असतं. पण तिला ते खरं वाटलं नसतं.

"वाचलं होतं."

"वाचून दिलंत?"

"हो."

ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. रागापेक्षा तिच्या चेहऱ्यावर गोंधळ जास्त होता. ओळखीच्या पुस्तकात भलतंच पान निघावं, तसा. मग ती टेबलाकडे वळली आणि ऑस्करच्या पाठीवर तिने दोन बोटं ठेवली.

"वाचेल का?" तिने डॉक्टरांना विचारलं.

"औषध देऊ, दिवा वाढवू. तो मित्र म्हणतो, वाचेल. मी मात्र म्हशींचाच डॉक्टर, लक्षात ठेवा."

तो वाचला. पुण्याहून औषधं आली, हेमांगीने सुट्टी वाढवून घेतली. पेटी त्याच दिवशी वर गेली होती. माझं एक पुस्तक तिच्याकडे राहिलं होतं. ते एका सकाळी जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवलेलं सापडलं, त्याबद्दल एकही वाक्य न बोलता. दसऱ्यानंतर तिला पुण्यात नोकरी लागली. टेम्पोत सामान चढलं तेव्हा तिने सिंधूला वाकून नमस्कार केला. सिंधूने तिला उराशी धरलं आणि इतकी रडली, की हेमांगीच तिची समजूत घालू लागली. मला ती म्हणाली, "येते, सर."

सिंधूने चातुर्मास पुरा केला. आम्ही दोघं त्या दिवसाबद्दल बोललो नाही. पुढच्या वर्षी पत्र आलं, ते मी विम्याचं म्हणून सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

आता या वर्षीच्या आषाढाची गोष्ट. सिंधूची साखर वाढली आहे. डॉक्टरांनी केळं बंद केलं, आंबा बंद केला, पपईच्या थोड्या फोडी चालतील म्हणाले. मी त्याबद्दलचं जे मिळेल ते वाचलं. एकादशीच्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात पपई कापत होतो. ती पाटावर बसून पाहत होती. गुडघे गेले असले तरी उपासाच्या दिवशी ती खुर्चीवर बसत नाही.

"एवढीच?"

"एवढीच."

"फूटपट्टी आणा. दाढोबासारखं करू राह्यले माझं."

आमच्या घरात ते नाव इतक्या वर्षांत कोणी काढलं नव्हतं. मी सुरी खाली ठेवली.

"तिला कधी लिहिलं का तुम्ही?" सिंधूने विचारलं.

"कोणाला?"

"अहो, विम्याचं पत्र हातानं लिहितं का कोणी? शब्दकोशात ठेवलंय ते. पुस्तकं झटकायला मीच असते या घरात."

"तू वाचलंस?"

"तेव्हाच." तिने एक फोड उचलली, खाल्ली नाही. "मला वाटलं, तुम्ही लिहाल. आज लिहाल, उद्या लिहाल. मंग मला वाटलं, नाही लिहिलं तर बरंच. माझ्यावर येत नाही."

मी पपईच्या बिया कागदात गोळा केल्या.

"माझा त्या वर्षीचा नेम काय होता, विचारलं नाही तुम्ही कधी."

"सांगायचा नव्हता ना."

"चातुर्मास सरल्यावर चालतं सांगितलेलं." तिने फोड परत ताटलीत ठेवली. "घरात एकबी जीव मरू द्यायचा नाही, हा नेम होता. ती पोरगी अंग कापून द्यायला चालली होती. म्हटलं, देवानं तिकडं सांभाळावं, आपण इकडं जीव सांभाळू. अन् तुम्ही चिमट्यानं एकेक किडा त्याच्या तोंडात देऊ राह्यले. मंग मी दुपारी त्याला केळं द्यायची. पोट भरलं की तो किडे खायचा नाही. पहिल्या दिवशी वाटलं, बघा, यालाही समजलं, उपास धरला यानं. फळावर राहतो. फळानं कोणाचं वाईट होतं का? आपल्या गावात तर बाळाला पहिला घास केळ्याचा."

"मी सांगायला हवं होतं तुला. केळं नाही म्हणून."

"तुम्ही काय कधी काय सांगता?" ती सहज म्हणाली. "दवाखान्यात बोलले नाही मी. नेम मोडेल म्हणून बोलले नाही, असं स्वतःला सांगत राह्यले. खरं म्हणजे भ्याले. तिनं माझ्याकडं तसं पाहिलं असतं, जसं तुमच्याकडं पाहिलं, तर मला सोसलं नसतं. तुम्हाला सोसलं. मला वाटलं, यांना काय, हे तर बोलतच नाहीत कोणाशी."

बाहेर कोणी तरी भांड्यांवर कल्हई लावून घ्या म्हणून ओरडत गेला. मी ताटली तिच्यापुढे सरकवली.

"लिहा तिला," ती म्हणाली.

मी दोन दिवस लिहीत होतो. मसुदा दीड पानाचा झाला. सिंधूने वाचून दाखवायला लावला. मी वाचत असताना ती डोळे मिटून बसली होती. संपल्यावर तिने डोळे उघडले.

"छान आहे. पण यात केळं कुठं आहे?"

"आहे ना. 'त्या वेळी आहाराबाबत जी त्रुटी राहिली...'"

"त्रुटी म्हणे! द्या इकडं."

तिने कागद मागितला, चष्मा लावला, आणि कागद पाटावर ठेवून मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहू लागली. एका ओळीसाठी तिला फार वेळ लागला, आणि लिहिताना ती ओठ हलवत होती, त्यामुळे मला आधीच कळत गेलं. 'हेमांगी, केळं मी दिलं. किडे मरू नये म्हणून. सरांना माहीत नव्हतं. त्यांनी सगळं वाचलं होतं आणि जसं वाचलं तसंच केलं. दाढोबाला माझा आशीर्वाद सांग. तुझी काकू.'

"माझं पत्रही जोडू का?" मी विचारलं.

"काही गरज नाही."

मी पाकिटावर पत्ता घातला. तो जुन्या पत्रावरचाच होता. ती तिथे राहत असेलच असं नाही, असं मी म्हणालो. ऑस्करही आता असेल की नाही कोण जाणे, या प्राण्यांचं आयुष्य फार नसतं.

"नसली तर परत येईल. मंग शोधून पुन्हा टाकू."

ती स्वतः यायचं म्हणाली. पोस्टाची पेटी गल्लीच्या टोकाला, रसवंतीच्या पलीकडे आहे. तिचा हात माझ्या दंडावर, दुसऱ्या हातात पाकीट. केळ्यांची हातगाडी लावलेली होती. तिथे ती उगाचच थांबली, श्वास घ्यायला म्हणून.

"काय घड आहे बघा."

"चल."

पेटीपाशी आल्यावर तिने पाकीट फटीत अर्धं सरकवलं आणि तसंच धरून ठेवलं.

"हे टाकलं की घरी जाऊन मला अर्धं केळं द्यायचं."

"नाही."

"पाव? एकादशी पाळली मी, दमले किती."

"नाही म्हटलं ना. बिलकूल नाही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग हसली.

"एवढं तेव्हाच म्हणाले असते तर," ती म्हणाली, आणि तिने पाकीट सोडून दिलं.